वाटीभर चवळी

"अक्का, हात थरथरतोय तुझा. कलश माझ्याकडं दे बघू."

"राहू दे गं त्रिशला. एवढं मला करू दे."

सकाळचे साडेनऊ झाले होते. आम्ही दोघी जावा ओल्या पायांनी दारात उभ्या होतो. अक्काच्या हातात नारळ ठेवलेला कलश, माझ्या हातात आरतीचं तबक. गावात मुनीमहाराजांचा चातुर्मास होता. महाराज दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभ्यानं, ओंजळीत. कुणाच्या दारात थांबायचं हे ते मनात ठरवून निघतात, कुणाला सांगत नाहीत. गावात सतरा घरांनी आहाराचा चौका, म्हणजे महाराजांसाठी सोवळ्यातला स्वयंपाक, लावला होता आणि बावीस दिवसांत महाराज आमच्या दाराकडं एकदाही वळले नव्हते.

अक्का माझी थोरली जाऊ. राजमती तिचं नाव. लग्न होऊन आले तेव्हा मी तिला 'अहो अक्का' म्हणायची. पहिल्या बाळंतपणात तिनं सव्वा महिना मला आणि पोरीला न्हाऊमाखू घातलं, तेव्हापासून ती 'अगं अक्का' झाली. थोरले दीर लवकर गेले. तिची एकच मुलगी, लग्न होऊन पुण्याला. अक्काजवळ उरलं काय, तर बस्तीतली, म्हणजे आमच्या जैन मंदिरातली पूजा, व्रतं आणि हा चौका. सोवळ्यानं पाणी भरणं, तीनदा गाळणं, धान्य एकेक दाणा बघून निवडणं. गावात म्हणायचे, आहार द्यावा तर राजमतीनं.

आणि मी? मी वीस वर्षं तिच्या मागं तबक धरून उभी. मला कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, छे गं बाई, मला कशाचा हेवा! मी तोंडावर बोलणारी बाई, पोटात काही ठेवत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायची.

त्या चौमाशात अक्कानं दर दहा दिवसांनी एक निर्जळी उपास धरला होता. आदल्या दिवशी दुपारी एकदाच जेवायचं, मग दुसरा पूर्ण दिवस पाणीसुद्धा नाही. तिला सोळा वर्षांची साखर, पोटावर इन्सुलिनची सुई. आमचे घोरपडे डॉक्टर डोक्यावर हात मारून घ्यायचे. "अहो, उपास आणि सुई एकत्र चालत नाही. जीव जाईल एखाद दिवशी." ती हसायची नुसती.

खरं तर त्या वर्षी तिचं तब्येतीचं सगळंच विचित्र चाललं होतं. अर्धी भाकरी खाल्ली की म्हणायची, पोट गच्च झालं. जेवून उठली की तासाभरात घाम फुटायचा, डोळे फिरायचे, काहीबाही बोलायची, आणि नंतर तिला त्यातलं काही आठवायचं नाही. तेव्हा साखर खाली गेलेली असायची. तीच साखर संध्याकाळी तीनशेवर. घोरपडे डॉक्टर म्हणाले, "राजमतीबाई, मधेच काहीतरी तोंडात टाकताय तुम्ही. आकडे खोटं बोलत नाहीत." सोनोग्राफी केली तर लिव्हरवर चरबी. बस्तीच्या महिला मंडळाच्या कमलाकाकी मगदूम पट्कन बोलून गेल्या, "उपासाच्या बाईच्या लिव्हरवर चरबी? नवलच ऐकते!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

रक्तात डी जीवनसत्त्वही कमी निघालं. डॉक्टरांनी आठवड्याला एक कॅप्सूल लिहून दिली. अक्कानं विचारलं, हे वरचं कव्हर कशाचं? जिलेटिनचं म्हटल्यावर तिनं पुडकं तसंच परत केलं. जनावराच्या हाडाकातड्याचं ती जिभेला कशाला लावेल? "मग उन्हात तरी बसा," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी ती परसात, गोठ्याच्या कट्ट्याशी पोतं टाकून पाऊण तास पाठ शेकत बसायची.

तर त्या दिवशी महाराज आमच्या गल्लीत वळले. "हे स्वामी, नमोस्तु नमोस्तु, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ," आम्ही म्हणू लागलो. अक्काचा आवाज चिरकला. आणि महाराज थांबले! आमच्याच दारात. अक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आम्ही तीन प्रदक्षिणा घातल्या, त्यांना आत नेलं, पाय धुतले. मागोमाग कमलाकाकी आणि बस्तीतल्या सात-आठ बाया आल्या. अक्कानं हात जोडून मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहारपाणी शुद्ध असं म्हटलं आणि महाराज ओंजळ करून उभे राहिले.

पहिलं पाणी अक्कानं दिलं. मग दूध. मग भाताचा घास. दुसरा घास द्यायला ती वाकली आणि तशीच राहिली. तिनं डाव्या हातानं तोंड दाबलं, वळली, दोन पावलं टाकली. दारापर्यंत पोचली नाही. भिंतीशी भडाभडा ओकली.

महाराजांनी ओंजळ सोडली.

आहार चालू असताना असं काही अमंगळ दिसलं, की त्याला अंतराय म्हणतात. आहार तिथंच संपतो. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही की पाणी नाही. महाराजांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं. ते खाली बसले, हात धुतले आणि शांतपणे चालते झाले. घोटभर दूध आणि एक घास पोटात, चोवीस तास जायचे. बाया एकमेकींकडं बघत उभ्या. अक्का भिंतीला टेकून, "महाराज उपाशी गेले, महाराज उपाशी गेले," एवढंच म्हणत होती.

मी फडकं घेऊन पुसायला बसले. आणि बघते तर काय, चवळी. अख्खे दाणे, काळ्या डोळ्यासकट, आत्ताच ताटातून उचलल्यासारखे.

अक्काचा निर्जळी उपास होता. काल दुपारी बाराच्या आधी जेवली, त्यानंतर काही नाही. आणि आता दहा वाजत आले होते, बावीस तास झाले.

कमलाकाकी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. "हे काय गं राजमती? उपास ना तुझा?"

"काल... काल दुपारी जेवले होते."

"कालचं जेवण आज अख्खं पडतं होय? लहान लेकरू आहे का मी?"

चार तासांत अन्न जिरतं हे कुणाला माहीत नाही? आणि मग कुणी विचारलं नसताना मी तोंड उघडलं.

"काल उरलेली वाटीभर चवळी मी गाईला म्हणून गोठ्याच्या कट्ट्यावर ठेवली होती. मघाशी बघितलं तर वाटी रिकामी."

बस्स, एवढंच बोलले. पण आमच्यात रात्र उलटलेलं अन्न कुणी खात नाही. म्हणजे उपास मोडला, तोही चोरून, तोही शिळ्यानं, आणि त्या तोंडानं महाराजांसमोर शुद्धी बोलली. आणि कट्ट्याशी रोज सकाळी कोण बसतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. लिव्हरवरची चरबी, संध्याकाळची तीनशे साखर, सगळ्याचा अर्थ बायांना एका दमात लागला. एकीनं तर "शिव शिव" म्हणून पदर तोंडाला लावला.

अक्का माझ्याकडं बघत होती. "मी नाही खाल्लं गं," ती म्हणाली. मग अगदी बारीक आवाजात, "त्रिशला, मी खाल्लं?"

मला वाटलं, नाटक करते. भारी राग आला मला. "ते तुझं तुला माहीत," मी म्हटलं.

संध्याकाळी आमचे हे डेअरीवरून आले. पाय धुता धुता म्हणाले, "अगं, गोठ्यातली ती वाटी उचल. सकाळी चवळी गाईला घातली आणि वाटी तशीच राहिली माझ्याकडनं."

मी तिथंच उभी राहिले. "किती वाजता?" मी विचारलं.

"मी जाताना. सहा वाजले असतील. का गं?"

सहाला अक्का बस्तीत अभिषेकाला होती. उन्हाला बसायची ती आठनंतर.

"काही नाही," मी म्हटलं.

आता खरं सांगते. तेव्हा दिवेलागण झाली नव्हती. कमलाकाकींचं घर आमच्यापासून चार घरांवर. चप्पल घालायची आणि जाऊन सांगायचं, काकी, चुकलं माझं, वाटी गाईनं चाटली. पाच मिनिटांचं काम होतं. मी चप्पल घातलीसुद्धा. आणि मग मनात आलं, वाटीची नसेल, पण दाणे तर होते ना? ते कुठून आले? कुठून तरी खाल्लेच असणार तिनं. अशी मी माझी समजूत घातली आणि चप्पल काढून ठेवली. पण जी खरी गोष्ट आत बसली होती, ती वेगळीच होती. कमलाकाकी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "उद्यापासून चौका तू सांभाळ त्रिशला. कलश तू धर."

दुसऱ्या दिवशी मी कलश धरला. अक्का आतल्या खोलीत पाठ करून बसली होती. तिनं परस्पर महाराजांकडं जाऊन प्रायश्चित्त मागितलं होतं. काय मिळालं ते तिनं सांगितलं नाही, पण आपल्या मनानं तिनं नियम घेतला, यापुढं चौक्यात पाऊल टाकायचं नाही. ज्या बाईनं तीस वर्षं पाणी तीनदा गाळलं, ती आता उंबऱ्याबाहेरून मला सांगायची, "मिठाची वाटी डावीकडं ठेव गं, महाराजांना मीठ वर्ज्य आहे, चुकून पडेल."

पाच-सहा दिवसांनी महाराज पुन्हा आमच्या दारी थांबले. आहार निर्विघ्न झाला. मी आनंदानं रडले, सगळ्या बाया माझ्या पाया पडल्या. जाताना महाराज थांबले आणि मला म्हणाले, "त्या दुसऱ्या बाई होत्या, त्यांची प्रकृती कशी आहे?"

"बरी आहे महाराज."

"आजारी दिसत होत्या. डॉक्टरांना दाखवा."

साऱ्या गावात त्या एका माणसाला ती आजारी दिसली होती. आणि तो तिच्यामुळंच उपाशी राहिलेला. मी "होय महाराज" म्हटलं आणि दाखवलं मात्र नाही.

पुढं सहा वर्षं अशीच गेली. अक्का वाळत गेली. लोकांच्या घरचं जेवण तिनं सोडलं, बस्तीत मागच्या खांबाशी बसायची. ओकाऱ्या व्हायच्या, पण आता ती कुणाला दाखवायची नाही. परसात जाऊन ओकायची, स्वतःच माती टाकायची. मी एकदा बघितलं तर दचकली आणि म्हणाली, "मी काही खाल्लं नव्हतं हं." मी वळून घरात आले.

शेवटी एकदा चक्कर येऊन पडली आणि मांडीचं हाड मोडलं, तेव्हा तिला मिरजेला नेलं. मुलगी पुण्याहून येईपर्यंत मीच जवळ होते. हाडाचं झाल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी ओकाऱ्यांबद्दल खोदून खोदून विचारलं आणि म्हणाल्या, दुर्बीण घालून पोट बघू. आदल्या दिवशी दुपारी बाराला अक्कानं चार चमचे मुगाची खिचडी खाल्ली. त्यानंतर काही नाही. सूर्य मावळल्यावर तर ती तशीही खात नव्हती. सकाळी आठला तिला आत नेलं. दहा मिनिटांत डॉक्टरबाई बाहेर आल्या, चांगल्याच वैतागलेल्या.

"आजींना उपाशी आणायचं सांगितलं होतं ना? पोटात अन्न आहे त्यांच्या. मुगाचे दाणे दिसतायत. सकाळी काय दिलंत?"

माझं डोकंच भडकलं. "काही दिलं नाही! काल दुपारी बारापासून मी त्यांच्या खाटेला चिकटून बसलेय. पाण्याच्या घोटाशिवाय काही गेलं नाही त्यांच्या पोटात. माझी जाऊ खोटं बोलत नाही आणि चोरून खात नाही!"

हेच वाक्य सहा वर्षांपूर्वी बोलायचं होतं. तेव्हा ते माझ्या तोंडातून निघालं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी बोटांवर तास मोजले. "वीस तास झाले?" त्यांनी विचारलं. "साखर किती वर्षांची?"

"बावीस वर्षं."

त्या माझ्याशेजारी बाकावर बसल्या. म्हणाल्या, जुन्या साखरेनं पोटाच्या नसा मरतात. जठर म्हणजे गिरणीसारखं असतं, दळून खाली ढकलायचं त्याचं काम. नसा मेल्या की गिरणी मंदावते. वर टाकलेलं तसंच पडून राहतं, कधी दिवसभर, कधी त्याहून जास्त. मग ते जसंच्या तसं बाहेर येतं. इन्सुलिन आपलं काम करून मोकळं होतं आणि अन्न खाली उतरलेलंच नसतं, म्हणून जेवल्यावर साखर पडते, घेरी येते. आणि अन्न उशिरा उतरलं की संध्याकाळी साखर चढते.

"आणि लिव्हरवर चरबी?" मी विचारलं. "ती चोरून तूप खाल्ल्यानं होते ना?"

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" त्या हसल्या. "साखरेच्या कितीतरी रोग्यांच्या लिव्हरवर चरबी असते, उपाशी राहणाऱ्यांच्यासुद्धा. आणि यांचं डी जीवनसत्त्व तर तळाला गेलंय. हे सगळं एकाच माणसात बरेचदा एकत्र सापडतं. कशामुळं काय, हे अजून आम्हालाही नीट उलगडलेलं नाही. पण हाड मोडलं त्यात त्याचा वाटा असणार. डीचं औषध का नाही घेतलं?"

"कॅप्सूल जिलेटिनची होती."

"अहो, मग पावडर मिळते की. दुधात घालून घ्यायची. कुणी विचारलंच नाही?"

नाही विचारलं. कुणीच काही विचारलं नाही, आम्हाला सगळं आधीच माहीत होतं.

दुपारी डॉक्टरबाई अक्काच्या खाटेशी आल्या आणि तिलाही समजावून सांगितलं. अक्का डोळे बारीक करून ऐकत होती. मग तिनं विचारलं, "म्हणजे बाई, आदल्या दिवशी खाल्लेलं दुसऱ्या दिवशी पडू शकतं?"

"पडू शकतं की आजी."

"अख्खं? दाणेच्या दाणे?"

"अख्खं."

"बावीस तासांनी?"

डॉक्टरबाईंना एवढा नेमका आकडा ऐकून नवल वाटलं. "हो, बावीस तासांनीसुद्धा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

अक्का छताकडं बघत पडून राहिली. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात जात होतं, पुसत नव्हती. मी पदरानं पुसायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"त्रिशला, म्हणजे मी नव्हतं खाल्लं गं."

"नाही अक्का. नव्हतं खाल्लंस."

"मला वाटायचं, मीच खाल्लं असेल," ती म्हणाली. "चक्कर आली की मला काही आठवत नाही ना. त्या सकाळी कट्ट्याशी बसले होते, तेव्हाही जरा अंधारी आली होती. मग तू म्हणालीस, वाटी रिकामी होती. मी रात्र रात्र आठवायची. हात कसा घातला असेल, कशी चावली असेल. आठवायचंच नाही काही. पण तू सांगितलंस म्हणजे असणारच. तू कधी मनात एक नि तोंडात एक ठेवत नाहीस. बाकी कुणी म्हटलं असतं तर भांडले असते मी."

मला तिच्याकडं बघवेना. मी खिडकीकडं तोंड केलं आणि रडायला लागले. हुंदकाच आवरेना. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"अगं, आता का रडतेस?" अक्का म्हणाली. "एक सांग. तुलाही हे आत्ताच कळलं ना? या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं तेव्हा?"

सहा वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळचे आमच्या ह्यांचे शब्द, चवळी गाईला घातली, माझ्या जिभेवर आले होते. नुसतं तोंड उघडायचं होतं. ती माझं मनगट धरून वाट बघत होती.

"हो," मी म्हटलं. "आत्ताच कळलं."

"मग झालं तर," असं म्हणून तिनं तिचा सुकलेला हात माझ्या पाठीवरून फिरवला. बाळंतपणात फिरवायची तसा. "तुला तरी काय माहीत होतं बाई? जे बघितलंस ते बोललीस. तुझी काही चूक नाही त्यात. उगीच मनाला लावून घेऊ नकोस हं."

अक्का पुढं चार महिने जगली, आणि त्या चार महिन्यांत तिनं हे मला कितीदा तरी सांगितलं. दर वेळी मी मान हलवली.